नायक बदलला, हे कशावरून ओळखावे?

आपण पुण्यातील एका महाविद्यालयात नुकतेच साहित्य शिकवू लागला आहात. अभिजात कृतींमधील नायक नैतिकदृष्ट्या खरोखर वाढतात, की शाप, शिक्षा आणि पराभव यांच्यापुढे केवळ नमतात, आणि वाढतात असे म्हणायचे असेल तर ते विद्यार्थ्यांना कशाच्या आधारे दाखवावे, असा आपला प्रश्न आहे. हा विषय मी पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना अनेक वर्षे शिकवला आहे, आणि निवृत्तीनंतर सदाशिव पेठेतील आमच्या वाचन मंडळातही त्यावर वाद चालूच असतात. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

विद्यार्थ्यांची पहिली ओढ नायकाच्या पश्चात्तापाच्या भाषणाकडे असते. नायक रडला, ‘मी चुकलो’ म्हणाला, की त्यांच्या दृष्टीने वाढ झाली. पाठ्यपुस्तकेही या समजुतीला खतपाणी घालतात, कारण अॅरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त सांगितलेली ‘अज्ञानातून ज्ञानाकडे’ नेणारी उकल तेवढी त्यांत शिकवली जाते. त्याच अॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावर लिहिताना मात्र माणसाचे शील ज्ञानाने नव्हे तर कृतींच्या सवयीने घडते असे आग्रहाने म्हटले आहे, आणि ही दुसरी बाजू साहित्याच्या वर्गात क्वचितच पोहोचते. आपली चूक कळणे आणि आपण बदलणे या दोन वेगळ्या घटना आहेत. थोर लेखकांना हे पक्के ठाऊक असते, म्हणून ते नायकाच्या भाषणावर विसंबत नाहीत. ते त्याच नायकाला तशाच पेचात दुसऱ्यांदा उभे करतात. पहिल्या वेळी तो कसा वागला आणि दुसऱ्या वेळी कसा वागला, या दोन प्रसंगांमधील अंतर हाच वाढीचा पुरावा. दुसऱ्या प्रसंगात ज्याचे भले होते त्याच्याकडून नायकाला काहीच मिळणार नसेल, तर तो पुरावा अधिक भक्कम होतो.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण युधिष्ठिराचे आहे. सभापर्वातील द्यूत सर्वांना आठवते ते द्रौपदीला पणाला लावल्यामुळे, आणि ते योग्यच आहे. परंतु संपत्ती हरल्यावर माणसे पणाला लावायची वेळ आली तेव्हा युधिष्ठिराने कोणता क्रम पाळला, याकडे फारसे कोणी पाहत नाही. भावांपैकी त्याने सर्वांत आधी नकुलाला लावले, मग सहदेवाला. ते दोघे गेल्यावर शकुनी त्याला नेमके बोचणारे बोलतो: माद्रीचे पुत्र तू हरलास, पण भीम आणि अर्जुन तुला अधिक मोलाचे दिसतात. युधिष्ठिर हे नाकारतो, चिडतो, आणि पुढे अर्जुन, भीम, स्वतःला आणि अखेर द्रौपदीला पणाला लावतो. शकुनीचा हेतू दुष्ट होता, तरी त्याचे निरीक्षण खोटे होते असे मला वाटत नाही. सावत्र मातेचे पुत्र आधी गेले.

आता आरण्यकपर्वाच्या शेवटाकडे जावे. वनवास संपत आला आहे, तळ्याकाठी चारही भाऊ मरून पडले आहेत, आणि यक्षाच्या प्रश्नांची उत्तरे दिल्यावर युधिष्ठिराला एकाच भावाला परत मागता येणार आहे. तो नकुलाला मागतो. यक्ष चकित होऊन विचारतो की भीमाचे बळ आणि अर्जुनाचे धनुष्य सोडून सावत्र भावाला का मागतोस. युधिष्ठिराचे उत्तर साधे आहे: कुंतीचा एक पुत्र मी जिवंत आहे, माद्रीचाही एक जिवंत असावा. समोर युद्ध उभे असताना भीम आणि अर्जुन यांच्यावाचून परतणे म्हणजे राज्यावर पाणी सोडणे. माद्री तर केव्हाच वारलेली, त्यामुळे या न्यायाबद्दल उपकार मानायलाही कोणी उरलेले नाही. यक्षप्रश्नांतील सुभाषिते आपल्याकडे पाठ केली जातात, त्यांच्या स्वतंत्र पुस्तिकाही निघतात. ‘आनृशंस्य’, म्हणजे निष्ठुर न होणे, हा श्रेष्ठ धर्म असे युधिष्ठिर तेथे म्हणतो खरा, परंतु त्या वाक्याला वजन येते ते नकुलाच्या निवडीमुळे. द्यूतात जो पहिल्यांदा गेला, तोच येथे पहिल्यांदा परत मागितला गेला. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचले, तर बारा वर्षांच्या अरण्यवासात त्या माणसात काय घडले हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

विद्यार्थी येथे थांबू इच्छितात, आणि महाभारत त्यांना थांबू देत नाही. द्रोणपर्वात हाच युधिष्ठिर अश्वत्थामा मेल्याचे द्रोणांना सांगतो आणि ‘हत्ती’ हा शब्द ऐकू न येईल असा उच्चारतो. तोवर जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी भूमीला टेकतो. म्हणजे वाढलेला माणूस पुन्हा घसरतो. एवढेच नव्हे, तर ज्या सत्यनिष्ठेमुळे द्रोणांनी केवळ त्याच्याच शब्दावर विश्वास ठेवला, तीच येथे शस्त्र म्हणून वापरली जाते. नैतिक वाढ ही चढत्या पायऱ्यांसारखी दाखवणारी जी टिपणे बाजारात मिळतात, त्यांना हा प्रसंग गैरसोयीचा असतो, म्हणून ती तो वगळतात किंवा ‘आपद्धर्म’ म्हणून दोन ओळींत उरकतात. आपण तसे करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

महाभारताची शेवटची दोन पर्वे फारच छोटी आहेत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीत महाप्रस्थानिक पर्वाचे तीन आणि स्वर्गारोहण पर्वाचे पाच अध्याय आहेत. ती एका बैठकीत वाचून होतात. महाप्रस्थानात द्रौपदी आणि भाऊ एकेक करून कोसळतात. युधिष्ठिर मागे वळून पाहत नाही, आणि प्रत्येकाचा दोष मात्र सांगतो. हे वाचताना आमच्या मंडळातील कित्येकांचा त्याच्यावरचा विश्वास उडतो, आणि उडावा असेच ते लिहिलेले आहे. मग इंद्र रथ घेऊन येतो आणि बरोबरच्या कुत्र्याला सोडून दे म्हणतो. युधिष्ठिर नकार देतो तेव्हा इंद्र नेमका तोच आक्षेप घेतो जो वाचकाच्या मनात असतो: भाऊ आणि द्रौपदी यांना सोडलेस, मग कुत्र्याला का नाही? युधिष्ठिराचे उत्तर असे की ती मेली होती, मेलेल्यांना मी जिवंत करू शकत नव्हतो, जिवंतपणी मी त्यांना सोडले नाही. हे उत्तर पुरेसे आहे का, यावर वर्गात तासभर चर्चा होऊ शकते. माझ्या मते ते तर्काने पुरेसे आहे, भावनेने नाही, आणि व्यासांना ही फट बुजवायची नव्हती.

ती फट भरून निघते ती स्वर्गात, किंवा नेमके सांगायचे तर नरकात. स्वर्गात दुर्योधन सन्मानाने बसलेला पाहून युधिष्ठिर संतापतो, म्हणजे वैर अजून गेलेले नाही. देवदूत त्याला दुर्गंधीच्या वाटेने नेतो. तो परत फिरू पाहतो तेव्हा अंधारातून आवाज येतात: तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आम्हांला बरे वाटते, थोडा थांब. ते आवाज भावांचे आणि द्रौपदीचे आहेत हे कळल्यावर जो माणूस हिमालयात मागे वळला नव्हता, तो येथे थांबतो. देवांची आणि खुद्द धर्माचीही तो निर्भर्त्सना करतो आणि दूताला सांगतो, जा, मी येथेच राहणार. ज्याने आयुष्यभर धर्माचा आधार घेऊन निष्ठुर गोष्टी घडू दिल्या, तो धर्मालाच दोष देण्याइतका मोठा होतो, हे मला जागतिक साहित्यातील नैतिक वाढीच्या सर्वोच्च क्षणांपैकी एक वाटते. हे दर्शन का घडले, हेही इंद्र लगेच सांगतो: द्रोणांशी केलेल्या कपटाचे ते फळ. लेखकाने रथ टेकल्याची नोंद विसरलेली नाही.

होमरच्या ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्यात हीच रचना अधिक आटोपशीर आहे, म्हणून तुलनेसाठी ती फार उपयोगी पडते. एकविसाव्या सर्गात ट्रॉयचा राजा प्रायम याचा एक पुत्र लायकेऑन निःशस्त्र होऊन ग्रीक वीर अकिलीसचे गुडघे धरतो आणि प्राणांची भीक मागतो. माझा मित्र पॅट्रोक्लस मेला, तो तुझ्याहून कितीतरी चांगला होता, तेव्हा तूही मर, असे म्हणून अकिलीस त्याला मारतो आणि प्रेत नदीत फेकतो. चोविसाव्या सर्गात त्याच लायकेऑनचा बाप, म्हातारा प्रायम, रात्री शत्रूच्या तंबूत येऊन अकिलीसचे गुडघे धरतो आणि पुत्रांना मारणारे हात चुंबतो. या वेळी अकिलीस त्याला हात धरून उठवतो. दोघेही रडतात, एक अकिलीसने मारलेल्या हेक्टर या पुत्रासाठी, दुसरा स्वतःच्या बापासाठी आणि पॅट्रोक्लससाठी. इथपर्यंत सगळे शिक्षक शिकवतात. पुढचा तपशील मात्र मुद्दाम वाचून दाखवावा. प्रायम घाई करतो तेव्हा अकिलीस त्याला दटावतो की मला चिडवू नकोस. मग बाहेर जाऊन दासींना सांगतो की हेक्टरचे प्रेत धुवा, पण प्रायमच्या नजरेआड धुवा, कारण ते पाहून म्हातारा संतापला तर माझाही तोल जाईल आणि मी त्याला मारून टाकीन. त्याचा राग गेलेला नाही. मात्र पहिल्यांदाच तो स्वतःच्या रागाला ओळखतो आणि समोरच्या माणसाला त्यापासून वाचवण्याची तजवीज करतो. ज्या काव्याचा पहिला शब्दच क्रोध आहे, त्यात याहून मोठी वाढ दाखवण्याची गरज नव्हती.

कालिदासाकडे वळताना पुण्यातील एका घटनेची आठवण होते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी येथील आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा पहिल्या प्रयोगात पहिले चार अंकच झाले होते. त्या रात्रीचे प्रेक्षक शकुंतलेच्या पाठवणीपर्यंत येऊन थांबले, आणि दुष्यंताची कसोटी त्यांच्यापुढे यायची राहिली. आजही बहुतेक वाचकांच्या मनात हे नाटक चौथ्या अंकापाशीच संपलेले असते. खरा नैतिक भाग पाचव्या आणि सहाव्या अंकांत आहे.

आक्षेप असा घेतला जातो की महाभारतातील दुष्यंत सर्व आठवत असूनही लोकापवादाच्या भीतीने शकुंतलेला नाकारतो, कालिदासाने दुर्वासाचा शाप आणून त्याला दोषमुक्त केले, आणि जेथे दोष नाही तेथे वाढ कशाची? हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. शापाने राजाची स्मृती गेली. भर दरबारात गर्भवती स्त्रीला उद्देशून स्त्रीजातीच्या उपजत कपटाबद्दल बोलणे, आणि आपली पिल्ले दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेणाऱ्या कोकिळेचा दाखला देणे, हे शापात कोठेही नव्हते. ते बोल दुष्यंताचे स्वतःचे होते.

सहाव्या अंकात अंगठी सापडते, स्मृती परतते, आणि राजा विलाप करतो, चित्र काढतो, मूर्च्छित होतो. हे सगळे सुंदर आहे, पण माझ्या दृष्टीने पुरावा म्हणून ते चालत नाही. पुरावा आहे तो त्याच अंकात मध्येच येणाऱ्या एका सरकारी कागदात. धनमित्र नावाचा समुद्रव्यापारी जहाज बुडून मेला, त्याला अपत्य नाही, सबब त्याची संपत्ती राजाकडे जमा व्हावी, असे अमात्याने लिहून पाठवले आहे. राजा विचारतो की त्याच्या स्त्रियांपैकी कोणी गर्भवती आहे का पाहा. साकेतच्या एका श्रेष्ठीच्या मुलीचा पुंसवन हा गर्भसंस्कार नुकताच झाल्याचे कळते, तेव्हा तो निर्णय देतो की गर्भातील मूल पित्याच्या धनाचे अधिकारी आहे. पाठोपाठ दवंडी पिटायला सांगतो: प्रजेतील ज्याचा ज्याचा जिवलग आप्त जाईल, पापाचा संबंध वगळता, त्याच्या जागी दुष्यंत आहे असे समजावे. पाचव्या अंकात एका गर्भवतीचा दावा ज्याने झिडकारला, तो येथे कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गर्भवतीचा हक्क, कोणी दावा केलेला नसताना, शोधून काढून मान्य करतो, आणि त्यासाठी खजिन्यात येणारे धन सोडून देतो. प्रयोगांत हा भाग लांबी कमी करण्यासाठी कापला जातो तेव्हा मला फार वाईट वाटते, कारण सातव्या अंकातील पुनर्मीलनाची पात्रता राजाने नेमकी येथे कमावलेली असते.

ही कसोटी सर्वत्र अनुकूल उत्तर देते असे समजू नये. संस्कृत नाटककार भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त रामाचे दुःख इतके खोल आहे की तिसऱ्या अंकात दगडालाही रडू येईल. पण दुसऱ्या अंकात, सीतेच्या त्यागानंतर बारा वर्षांनी, तोच राम राजधर्माच्या नावाने शंबूक या तपस्व्यावर तलवार उगारतो. त्या वेळी तो स्वतःच्या उजव्या हाताला म्हणतो की तू गर्भभाराने थकलेल्या सीतेला घालवून देणाऱ्या रामाचा हात आहेस, तुला करुणा कोठून असणार. त्याला सर्व कळते, आणि तरीही हात चालतो. भवभूतीने रामाची नैतिक वाढ दाखवली असे म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही. त्याने न बदलता येण्याची किंमत दाखवली, आणि ती इतक्या प्रामाणिकपणे दाखवली की वाचकाला बदलावे लागते.

युरोपीय कादंबरीत या जोडप्रसंगांना अधिक जागा मिळते. व्हिक्टर ह्यूगोच्या १८६२ मधील ‘ले मिझराब्ल’ची जी संक्षिप्त रूपे आपल्याकडे वाचली जातात, त्यांत बिशपने चांदीच्या मेणबत्तीदाण्या दिल्या आणि जाँ व्हालजाँ हा सुटलेला कैदी सुधारला, अशी कथा असते. मूळ कादंबरीत त्या दानानंतर लगेच व्हालजाँ एका गरीब पोराच्या चाळीस सूंच्या नाण्यावर पाय ठेवून उभा राहतो आणि त्याला हाकलून देतो. एकोणीस वर्षांच्या तुरुंगवासाची सवय एका रात्रीच्या कृपेने जात नाही. ती मोडते त्या नाण्यानंतर. पुढे तो प्रतिष्ठित महापौर झालेला असताना शांमातिअ नावाच्या अनोळखी माणसाला व्हालजाँ समजून पकडले जाते, आणि त्या पोराच्या चोरीचा आरोपही त्याच्याच माथी येतो. गप्प बसणे एवढेच करायचे होते. व्हालजाँ रात्रभर स्वतःशी झगडतो आणि अखेर न्यायालयात जाऊन स्वतःचे नाव सांगतो. पसायदानात ज्ञानेश्वरांनी ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ म्हटल्यावर लगेच ‘तयां सत्कर्मीं रती वाढो’ असे मागितले आहे. वाकडेपण सुटणे आणि सत्कर्माची गोडी वाढणे या दोन्ही मागण्या तेथे आहेत, आणि ह्यूगोला त्यांच्यामधली वाट दाखवायला शेकडो पाने लागली.

टॉलस्टॉयच्या ‘पुनरुत्थान’ या १८९९ मधील कादंबरीचा उल्लेख एका वेगळ्या कारणासाठी करतो. तिचा नायक नेखल्यूदोव याने तरुणपणी कात्यूशा या मोलकरणीचा उपभोग घेऊन तिच्या हातात शंभर रूबलची नोट कोंबली होती. वर्षांनंतर ती आरोपी आणि तो ज्यूरीत, अशी गाठ पडते, आणि तो तिच्याशी लग्न करून पाप धुवायला निघतो. ती तुरुंगात त्याच्यावर उसळते: तेव्हा सुखासाठी मला वापरलेस, आता स्वतःच्या उद्धारासाठी वापरू पाहतोस. म्हणजे दुसरा प्रसंग आला, नायकाला तो सत्कृत्यच वाटला, आणि प्रत्यक्षात तो जुन्या अपराधाचीच पुनरावृत्ती होता. त्याची वाढ सुरू होते ती पुढे, जेव्हा ती दुसऱ्याबरोबर जाण्याचे ठरवते आणि हा तिचा निर्णय मान्य करतो. नायकाच्या सुधारणेचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हा प्रश्न विद्यार्थिनी बहुधा आधी विचारतात, आणि शिक्षकाने तो बाजूला सारू नये.

याच प्रश्नामुळे माझ्या कसोटीची मर्यादाही सांगितली पाहिजे. कृतीवरून वाढ मोजायची, तर कृती करण्याची मुभा असावी लागते. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये पुण्यात ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः प्रसिद्ध केली. तिच्यातील यमू शिकते, विचार करू लागते, आपल्या घराकडे न्यायाच्या नजरेने पाहू लागते, आणि पती गेल्यावर तिचे केशवपन बळाने केले जाते. तिला दुसरा प्रसंग मिळतच नाही. तिची एकच मुक्त कृती म्हणजे ही हकीकत सांगणे, आणि म्हणून आपट्यांनी तिला स्वतःच्या तोंडून बोलू दिले. यमूला युधिष्ठिराच्या मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तिच्या बाबतीत निवेदनालाच कृती मानून वाचावे. सुरुवातीची, आजूबाजूचे जसेच्या तसे सांगणारी पोर आणि पुढची कारणे विचारणारी स्त्री, यांची वाक्ये शेजारी ठेवली तरी अंतर दिसते.

वर्गात प्रत्यक्ष काय करावे, असेही आपण विचारले आहे. समीक्षकांची मते सुरुवातीला देऊ नयेत. दोन उतारे छापून द्यावेत, द्यूतातील नकुलाचा आणि तळ्याकाठच्या नकुलाचा, आणि पहिला तास केवळ त्यांवर घालवावा. त्यानंतर ‘इलियड’मधील एकविसावा आणि चोविसावा सर्ग, मग शाकुंतलाचा पाचवा आणि सहावा अंक. कादंबऱ्या सत्राच्या उत्तरार्धात घ्याव्यात, कारण त्या पूर्ण वाचल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. प्रश्नपत्रिकेत ‘नायकाचा नैतिक विकास स्पष्ट करा’ असा प्रश्न येतोच, त्याला पर्याय नाही. उत्तरात दोन प्रसंग समोरासमोर मांडणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षकही सहसा गुण देतो.

आणि सत्राच्या अखेरीस अर्जुन घ्यावा. गीतेच्या अठराव्या अध्यायात ‘नष्टो मोहः स्मृतिर्लब्धा’ असे तो म्हणतो, ते सर्वांना पाठ असते. आश्वमेधिक पर्वात, युद्ध संपून राज्य मिळाल्यावर, तोच अर्जुन कृष्णाला म्हणतो की त्या वेळी तू सांगितलेले सर्व माझ्या मनातून गेले आहे, पुन्हा सांग. कृष्ण नाराज होतो, ते जसेच्या तसे पुन्हा सांगणे आता शक्य नाही असे म्हणतो, आणि मग अनुगीता सांगतो. तोपर्यंत आपल्या विद्यार्थ्यांनी जोडप्रसंग वाचण्याचा सराव केलेला असेल. हा प्रसंग त्यांच्यापुढे कोणतेही भाष्य न करता ठेवावा, आणि अर्जुन वाढला होता की नव्हता, हे त्यांना लिहायला सांगावे.